वेब डिझाइन शिकायचंय ना? मग बस, बोलू या

बारावी सुरू झाली की घरात सगळ्यांना एकदम मतं फुटतात, नाही गं? मामा म्हणतो इंजिनिअरिंग कर, काकू म्हणते नर्सिंगला घाला, शेजारचे म्हणतात ते वेबबिब तर मोबाइलवर पण शिकता येतं, त्याला कॉलेज कशाला हवं. आणि तुझ्या डोक्यात बीसीए, बी.डेस, यूआय, यूएक्स, इंटरॅक्टिव्ह मीडिया असा नुसता गलका. रात्री झोप येत नाही म्हणालीस. येणारच नाही. एका वेळी पंचवीस टॅब उघडून बसलीस तर लॅपटॉपसुद्धा धापा टाकतो.

खरं सांगू का, तू निवडलेली वाट चांगली आहे आणि तुला ती झेपणारी आहे. मी पुण्यात हेच काम करते, रोज नव्या मुली हाताखाली येतात, त्यामुळे कोणाला झेपेल आणि कोणाला नाही हे मला थोडंफार कळतं. तुझ्यात काय आहे ते तुलाच दिसत नाहीये, म्हणून आज जरा सविस्तर बोलते. मध्ये मध्ये रागावेन पण, ऐकून घे.

आधी आईला हे काय प्रकरण आहे ते नीट सांग. पोस्टर आपण बघतो आणि पुढे जातो. पण जिथे माणूस बोट लावतो, काहीतरी विचारतो आणि समोरून त्याला उत्तर येतं, ती सगळी कामं इंटरॅक्टिव्ह मीडियात मोडतात. बँकेचं ॲप, एटीएमचा पडदा, रेल्वेचं तिकीट, संग्रहालयातला हात लावून बघायचा नकाशा, आणि आपल्या साई संस्थानाचं दर्शन, आरती नि भक्तनिवासाचं ऑनलाइन बुकिंगसुद्धा. वेब डिझाइन हा त्यातला एक मोठा तुकडा. कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, माणूस चुकला तर त्याला कसं सांभाळून घ्यावं, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणारी तू होणार आहेस.

आता माझा मुद्दा. ह्या शिक्षणात सगळ्यात अवघड काय असतं माहितीये? कोडिंग नाही, चित्रकला नाही. समोरचा माणूस बघायला शिकणं. शहरातल्या मोठ्या कॉलेजांत मुलांना त्यासाठी मुद्दाम बाहेर पाठवतात. जा, लोकांना भेटा, ते मोबाइल कसा वापरतात ते बघा, टिपणं काढा. त्याला ते यूजर रिसर्च म्हणतात. तू तर शिर्डीत वाढलीस गं! तुझ्या दारावरून रोज सगळा देश जातो. तेलंगणातले, आंध्रातले, तमिळनाडूतले, गुजरातेतले, विदर्भातले. आपल्याकडचा हारफुलांचा दुकानदार शाळेत तेलुगू शिकलेला नसतो, पण गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाषा बदलतो. हेच तर ह्या कामाचं मूळ आहे.

एक काम कर. पुढच्या गुरुवारी पालखीच्या आधी तास-दीड तास जिथे पासची नि खोल्यांची चौकशी चालते तिथे नुसती उभी राहा आणि बघ. एखादे आजोबा दिसतील. एका हातात चपलांची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाने दिलेला मोबाइल. चष्मा कपाळावर. फॉर्ममध्ये जन्मतारीख मागितलीय, आणि कॅलेंडर उघडलंय ते ह्याच महिन्याचं. आता १९५० सालापर्यंत जायला त्यांनी किती वेळा बाण दाबायचा? तेवढ्यात ओटीपी येतो, तो वाचायला मेसेजमध्ये जातात, परत येतात तर फॉर्म कोरा झालेला. आजोबा म्हणतात, 'आम्हाला नाही जमत हे.' बघ हं, चूक त्यांची नाहीये, फॉर्म करणाऱ्याची आहे. जन्मवर्ष सरळ टाइप करू दिलं असतं, भरलेली माहिती जपून ठेवली असती, तर ते दोन मिनिटांत मोकळे झाले असते. हे ज्याला दिसतं तो डिझायनर. सॉफ्टवेअर नंतर कोणीही शिकवतं.

तर एक वही कर. साधी, दोनशे पानी. त्यात असं दिसेल ते लिहीत जा, शेजारी पेनाने चौकोन काढून तुला सुचलेला उपाय काढ. चित्र सुबक यायला हवं असं काही नाही. उद्या मुलाखतीत ही वही काढून दाखवलीस ना, तर चकचकीत पोर्टफोलिओ घेऊन आलेल्यांपेक्षा तुला जास्त वेळ बसवून घेतील. मी स्वतः माणसं निवडताना हेच करते.

आता कॉलेजचं. इथेच तुझा सगळा गोंधळ आहे, म्हणून सावकाश सांगते.

एक वाट डिझाइनची. आयआयटी मुंबईत आयडीसी म्हणून डिझाइनचं विद्यालय आहे, १९६९ पासूनचं. तिथे २०१५ पासून बारावीनंतरचा बी.डेस सुरू झाला. त्याची प्रवेशपरीक्षा यूसीड, जानेवारीत असते आणि अर्ज ऑक्टोबरच्या आसपास निघतात. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठलीही बारावी चालते, हे लोकांना माहीतच नसतं. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणून उगाच बघू तरी म्हणून देऊ नकोस, तयारी करून दे. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी असते. पुण्यात सिम्बायोसिसचं डिझाइन इन्स्टिट्यूट आहे, लोणी काळभोरला एमआयटीचं आहे. आणि बाई, ते लोणी वेगळं हं! आपलं प्रवरेचं लोणी नाही. घरी सांगताना नीट सांग, नाहीतर बाबा म्हणतील, अरे हे तर इथेच आहे, घरून ये-जा कर.

दुसरी वाट उपयोजित कलेची, म्हणजे बीएफए अप्लाइड आर्ट. मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव. तू चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलीयेस ना, तर हात बसलेला आहे तुझा. तिथे अक्षर, रंग, मांडणी ह्यांचा पाया असा पक्का होतो की पुढे पडद्यावर काम करताना तो जन्मभर पुरतो.

तिसरी वाट कॉम्प्युटरची, आणि ही आपल्या अंगणातली. कोपरगाव, लोणी, संगमनेर, तिन्हीकडे १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि पुणे विद्यापीठाची बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची कॉलेजं तालुक्यांच्या गावी आहेत. बीसीएला २०२४ पासून राज्याची सीईटी लागते, ती विसरू नकोस. निकालानंतर धावपळ करणाऱ्या मुली दरवर्षी तिथेच अडकतात. बीएस्सीला जायचं तर सायन्सची बारावी हवी. आणि ह्या अभ्यासक्रमांत डिझाइन थोडं आणि प्रोग्रामिंग जास्त असतं, हे आधीच मनाशी धरून जा. म्हणजे पहिल्या सत्रात सी लँग्वेज आणि डेटाबेस बघून रडायला नको.

आता तू विचारशील, ताई, मी घरूनच बीसीए केलं तर आयआयटीचं दार कायमचं बंद का? मुळीच नाही. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी झाली की सीड नावाची परीक्षा देता येते, आणि त्यातून आयडीसीत एम.डेसला जाता येतं. तिथे इंटरॅक्शन डिझाइन हा स्वतंत्र विषयच आहे. घरची परिस्थिती, धाकट्या भावाची फी, आईची तब्येत, हे सगळं असताना तीन वर्षं एसटीने कोपरगावला ये-जा करणं ह्यात काहीही कमीपणा नाही. एसटीत आपल्या बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. उरलेल्या पैशात इंटरनेट भर.

पैशांचं बोलूनच टाकू, कारण घरात ते कोणी उघड बोलत नाही आणि तू मात्र त्याच विचाराने कुढतेस. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. पण अटी नीट वाच. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्ग, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, अभ्यासक्रम व्यावसायिक, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधून. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की सवलत गेली. खासगी विद्यापीठात गेलीस तरी गेली. म्हणजे 'ताई, सीट पक्की करून देतो' असं म्हणत जो एजंट तुमच्याकडे चहा पिऊन गेला, त्याच्या नादी लागलात तर फुकटात मिळणारी जागा लाखो रुपयांना पडेल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, हे आत्ताच राहात्याला तहसीलमध्ये टाकून ठेव. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

लॅपटॉपसाठी कर्ज काढायचं नाही. मला माहितीये, व्हिडिओतले सगळे डिझायनर ॲपल घेऊन बसलेले असतात. असू देत. ८ जीबी रॅमचा साधा, वापरलेला लॅपटॉप पहिल्या दोन वर्षांना पुरतो. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं आणि विद्यार्थ्यांना मोफत मिळतं. इंकस्केप, गिंप, पेनपॉट मोफत. कोड लिहायला व्हीएस कोड मोफत. केलेलं पान जगाला दाखवायला गिटहब पेजेस मोफत. पायरेटेड सॉफ्टवेअरची पेन ड्राइव्ह मैत्रिणीकडून आणलीस तर बघ हं. व्हायरसने सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं गिळलं की मला फोन करू नकोस. (करशील, आणि मी उचलेन पण.)

आणि कुठलंही एक सॉफ्टवेअर आलं म्हणजे आपण शिकलो, असं मानू नकोस. एके काळी इंटरॅक्टिव्ह मीडिया म्हणजे फ्लॅश, असंच समीकरण होतं. क्लास लावून, पुस्तकं आणून लोक ते शिकले. २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅश प्लेयर अधिकृतपणे बंद झाला. आज ज्याच्या नावाने सगळे नोकऱ्या मागतात ते फिग्मा लोकांच्या हाती आलं २०१६ मध्ये. मुळात वेबच किती जुनं आहे? टिम बर्नर्स-ली यांनी पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये सुरू केलं, जावास्क्रिप्ट १९९५ ची, पानांना रूप देणाऱ्या सीएसएसचं पहिलं प्रमाण १९९६ चं. सगळं तुझ्या आईपेक्षा वयाने लहान आहे गं. कशाला घाबरतेस त्याला? एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट हाताने लिहायला शीक. ही तिन्ही अजून टिकून आहेत.

'मला कोडिंग येणारच नाही, मी चित्रं काढणारी' हे तुझं रडगाणंही मी ऐकलंय. सुझन केअर नावाची बाई आहे. शिकलेली कला. १९८४ चा मॅकिंटॉश बाजारात आला त्याच्या आधी ॲपलने तिला चिन्हं काढायला बोलावलं. तिने काय केलं, चौकटीची वही घेतली आणि आडवे ३२, उभे ३२ अशा चौकोनांत एकेक चित्र भरत गेली. हसणारा कॉम्प्युटर, कचऱ्याची टोपली, रंगाची बादली. आपण दिवाळीत कागदावर ठिपके मोजून रांगोळी बसवून बघतो ना, अगदी तस्संच ते काम. इतक्या थोड्या ठिपक्यांत ओळखू येईल असं काय काढायचं, हा प्रश्न तुला लहानपणापासून सोडवता येतो.

इंग्रजीचं म्हणशील, तर कोडमधले शब्द मोजके असतात. कलर, विड्थ, बॉर्डर, मार्जिन. ते दोन महिन्यांत तोंडी बसतात. समजून घेण्याची टिपणं बिनधास्त मराठीत काढ. इंग्रजी वाचायची सवय मात्र लाव, कारण चांगली माहिती त्या भाषेत आहे. बोलताना अडखळलीस तर अडखळ. तुझ्या शेजारी बसलेली बेंगळुरूची मुलगीही मनातल्या मनात कन्नडमधूनच विचार करत असते.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवते, कारण ही तुला दुसरं कोणी शिकवणार नाही. पडद्यावर आपल्या गावाचं नाव लिहून बघ. शिर्डी. एवढासा शब्द, पण त्यात काय काय आहे बघ. श च्या आधी ऱ्हस्व वेलांटी, ड च्या डोक्यावर रफार, आणि त्याला लागूनच दीर्घ वेलांटी. इंग्रजी मजकुरासाठी बनवलेल्या तयार साच्यात हा शब्द मथळा म्हणून टाकलास की पहिली गोष्ट काय होते, ओळींमधलं अंतर कमी असल्यामुळे रफार नि वेलांट्यांचे शेंडे वरच्या ओळीत घुसतात, कधी कापले जातात. दुसरं, इंग्रजीत मथळा देखणा दिसावा म्हणून अक्षरं लांब लांब करायची पद्धत आहे. तेच मराठीला केलंस की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तर भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती केली नाही तर वेलांटी चुकीच्या जागी बसते, र पाय मोडून नुसताच उभा राहतो, आणि वर्गातला कोणी कोचीचा मित्र म्हणतो, छान दिसतंय की! त्याला कळणार नाही. तुला कळलं पाहिजे.

म्हणून मराठी मजकुराला ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी ठेवू नकोस. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस. कोडच्या सुरुवातीलाच पानाची भाषा मराठी आहे असं नोंदव. त्यासाठी 'एम' आणि 'आर' ही दोनच अक्षरं लागतात. ती असली की अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे श आणि ल दिलेले आहेत तिथे हिंदी वळणाऐवजी ते उमटतात. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींचा 'मुक्ता' वापरून बघ. मोफत आहे, आणि त्याच्यामागे मराठी हात आहेत. त्याच्या खूप आधी र. कृ. जोशींनी विंडोजबरोबर येणारा 'मंगल' घडवला. कवी माणूस, सुलेखनकार, आयडीसीत शिकवत. कॉलेजात अक्षररचनेचा प्रकल्प दिला की त्यांचं काम शोधून वाच. आपल्या भाषेतल्या माणसाने हे केलंय हे माहीत असलं की पाठीला जरा ताठपणा येतो.

आणि गावातली एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. हॉटेलवाला तुला मेनू देईल तो फ्लेक्सवाल्याकडून आणलेल्या कोरलड्रॉच्या फाइलमध्ये असेल, आणि मराठी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. ते उचलून वेबपानावर चिकटवलंस की नुसती चिन्हांची खिचडी येईल. घाबरू नकोस, तुझं काही चुकलेलं नसतं. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा किंवा सरळ पुन्हा टाइप करायचा, आणि त्या वेळेचे पैसे आधीच सांगायचे.

रंगांचंही तसंच. आपल्याकडे देवाधर्माचं काही असलं की भगवं हवं, आणि त्यावर पांढरी अक्षरं. दिसायला प्रसन्न, पण वाचायला? अक्षर आणि मागचा रंग ह्यांतला फरक मोजायचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. साध्या मजकुराला तो फरक किमान ४.५ ला १ हवा. नेहमीच्या केशरीवर पांढरी अक्षरं टाकलीस तर तो जेमतेम २ च्या आसपास येतो. भर उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीही दिसणार नाही. तेच गडद मरून घेतलास तर फरक दहाच्या वर जातो, आणि देवळाचा भावही राहतो. भगवा पट्टीला ठेव, कडेला ठेव, अक्षरांखाली नको.

पान जड करू नकोस, हेही लक्षात ठेव. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच टाकायचा नाही. लहान करून टाकायचा. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याला आपल्याकडे नेटवर्कचं काय होतं ते तुला माहितीये. तेव्हा मुद्दाम तुझं पान उघडून बघ. कॉलेजच्या वायफायवर सगळंच पळतं.

आता ते एआय. 'सांगितलं की मशीन दहा मिनिटांत वेबसाइट करून देतं, मग आपण शिकून काय करायचं?' हा प्रश्न तू मला तीनदा लिहून पाठवलास. बघ, ते पान करून देतं हे खरं आहे. मीही वापरते. साचेबंद कामं करून पोट भरणाऱ्यांची कामं त्याने कमी केलीयेत, हेही खरं, मी खोटा धीर देणार नाही. पण आजोबांचा फॉर्म का कोरा झाला, हे त्याला आपणहून विचारावंसं वाटत नाही. ते तुला रांगेत उभं राहून दिसलं. तू बघितलेलं सांगशील, तेव्हा ते मशीन तुझ्या हाताखाली काम करेल. एआयने दिलेला कोड वाचून त्यात काय चुकलंय ते तुला सांगता आलं पाहिजे, म्हणून पहिलं वर्षभर स्वतःच्या हाताने लिही. ह्या बाबतीत मी सक्त आहे, सबब चालणार नाही.

दुसऱ्या वर्षापासून लहान कामं घे. आपल्याकडे कामाला तोटा नाही. लॉज आहेत, टूर्सवाले आहेत, प्रसादाची दुकानं आहेत, राहात्याचे पेरूवाले आहेत. फक्त तीन गोष्टी पाळ. काय करून देणार ते मेसेजवर का होईना लेखी घे. अर्धे पैसे आधी घे, ओळखीचे असले तरी घे, ओळखीचेच जास्त लांबवतात. आणि डोमेन नेहमी मालकाच्या नावावर घ्यायला लाव, तुझ्या नावावर नाही. उद्या तुझं लग्न झालं, नोकरीला हैदराबादला गेलीस, तर त्या माणसाचं दुकान तुझ्या पासवर्डावर अडकून पडायला नको.

अजून एक, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय. एखादा लॉजवाला म्हणेल, 'वर लाल अक्षरांत टाक ना, फक्त एकच खोली शिल्लक!' खोल्या असतील वीस रिकाम्या. किंवा म्हणेल, बुकिंगमध्ये देणगीची खूण आधीच टिक करून ठेव, कोण बघतंय. नाही म्हणायचं. ह्या युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, आणि केंद्र सरकारने २०२३ च्या ३० नोव्हेंबरला अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढलीयेत. खोटी घाई करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणंही त्यात आहे. तेव्हा 'काका, हे कायद्यात बसत नाही' एवढं सांगितलंस तरी पुरे. यात्रेकरूंना फसवणाऱ्या बनावट बुकिंग साइट्सचा तर सुळसुळाट आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे केंद्राला चारधामला निघालेल्यांसाठी जाहीर इशारा द्यावा लागला. त्या साइट्सही कोणीतरी डिझाइन शिकलेल्यानेच बनवलेल्या असतात गं. आयुष्यभराची बचत काढून आलेलं म्हातारं जोडपं भक्तनिवासाच्या दारात उभं राहतं आणि त्यांची पावतीच खोटी निघते, ह्याहून वाईट काय? तुझ्या हातून असं काही होणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगितलं.

बाबांशी तू बोल, मामाला मध्ये घालू नकोस. इंजिनिअरिंग त्यांना माहितीये कारण कॉलेज डोळ्यांसमोर आहे. डिझाइन त्यांनी बघितलेलं नाही, म्हणून विरोध आहे. त्यांना भाषण देऊ नकोस. त्यांच्याच मोबाइलवर ते वीजबिल भरताना कुठे अडतात ते दाखव, आणि वहीत काढलेला तुझा उपाय दाखव. मग फीची अट, कॅप राउंड, सीडचा पर्याय, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. बाप माणसाला आकडे आणि तारखा दिल्या की तो निम्मा तयार होतो.

जमेल तुला. पहिलं सत्र जड जाईल, शहरातल्या मुलांचं काम बघून आपण फारच मागे आहोत असं वाटेल, दिवाळीला घरी आलीस की परत जाऊ नये असंही वाटेल. तेव्हा मला फोन कर, रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.

आता ह्या आठवड्यात दोनच कामं. यूसीड आणि सीईटीच्या तारखा अधिकृत संकेतस्थळावर बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, आणि दाखल्यांचे अर्ज टाक. वहीची पहिली चार पानं भरली की फोटो काढून मला पाठव.